मच्छीच्या कॅनमधलं डिझेल

दिव्यानीचे बाबा,

पिकअप दारात नाई म्हणून गावभर बोंबलत फिरू नका. मी नेली. चालू झाली.

काल मूल गावच्या रस्त्यावर गाडी बंद पडली, तं तुमी चारचौघांत म्हणलं, विधवा बाई समोर बसली का असंच होते. माही आई उतरली आन् पायीच आपल्या गावाले गेली. तुमी मंग गाडी ओढून घरी आणली, बॅटरी बदलली, नारळ फोडला, बोनेटले लिंबू बांधला. डिझेलचा फिल्टर काई उघडून पाह्यला नाई.

सकाळी मिस्तरीले फोनवर विचारत मीच फिल्टरखालचा नट खोलला. अर्धा गिलास पाणी निंगालं. टाकी रिकामी करून नवं डिझेल टाकलं, फिल्टरवरच्या हातपंपानं नळीतली हवा काढली, सेल मारला.

तलावात सोडाले मच्छीचं बीज ज्या कॅनमंदी आणलं, त्यातच तुमी डिझेल भरून आणलं, बुडातलं पाणीबी न सांडता. बोटभर रोहू मरून पडला होता कॅनच्या बुडात. ओट्यावर वाटीत ठेवला हाये.

मी आईले आणाले चालली. ती समोरच बसन.

वाटी फेकू नका. आई आली का तिच्यापुढं धरा आन् तुमच्याच तोंडानं सांगा, गाडी काऊन बंद पडली ते.

रंभा