पंचांची नात

१२ जानेवारी

पत्रिकेचं प्रूफ आज माझ्याच टेबलावर येऊन पडलं. माझ्याच प्रेसमध्ये! गावच्या मैदानाला आजोबांचं नाव देणार, पलीकडच्या गावाशी व्हॉलीबॉलचा सामना ठेवणार आणि सामना संपला की — 'नातीचं मनोगत'. मला विचारलंय कुणी?

मंडळाच्या चिटणीसांना फोन लावला. म्हणाले, "ताई, तुम्ही फक्त फायनलचा तो किस्सा सांगा. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं."

माझ्याही आलं होतं. तेव्हा.

१३ जानेवारी

तो किस्सा. लग्नात भेटा, मयतीत भेटा, लोक मला तोच ऐकवतात. फायनलचा शेवटचा पॉइंट, नातीचा स्मॅश, आणि उंच लोखंडी खुर्चीवर पंच म्हणून बसलेल्या आजोबांनी तो बाहेर दिला. स्वतःच्या नातीलासुद्धा सोडलं नाही हो!

बॉल आत होता. रेघेचा चुना उडालेला मी पाहिला. जिंकणाऱ्या टीममधली एक मुलगी जिल्ह्याच्या संघात घेणार होते, ती पलीकडची गेली. माझं खेळणं तिथंच आटोपलं. आणि त्यावर यांचं मोठेपण!

१७ जानेवारी

चार ओळी लिहिल्या, फाडल्या. चांगलं लिहायला काही नाही असंही नाही, हीच तर पंचाईत. आजोबा लोहार. जुन्या पाइपांचे खांब त्यांनी केले, जाळी स्वतः विणली, भट्टी पेटवायच्या आधी रोज मैदानावर पाणी मारलं. मला सायकलच्या दांडीवर बसवून सरावाला न्यायचे, आणि मी दमलेली असले की परत आणताना मला तशीच दांडीवर बसवून सायकल हातात धरून चालायचे. कुणाचा पंप बिघडला, कुणाचं बांधावरून वाजलं, की भरल्या ताटावरून उठायचे. हे सगळं झरझर लिहून होतं आणि पेन येऊन त्या बॉलवरच अडतं.

लेक म्हणाली, "आई, सोड ना आता. एक पॉइंट होता." ती गावच्या टीमकडून खेळणार आहे या सामन्यात. तिचं काय जातंय बोलायला.

२१ जानेवारी

चिटणीसांचा पुन्हा फोन. किस्सा, किस्सा, किस्सा. डोकं उठलंय.

२५ जानेवारी

वैतागून आत्याकडे गेले. आजोबांची लेक, तिच्यापाशी तरी मन मोकळं करावं म्हटलं. ती शेंगा सोलत बसली होती.

"आत्या, बॉल आत होता."

तिनं मानही वर केली नाही. "असेल. दिसला नसणार त्यांना."

मला वाटलं, समजूत घालतेय. तर म्हणाली, डावा डोळा गेलेला होता त्यांचा. माझ्या जन्माआधीच, भट्टीची ठिणगी उडून. भाता आत्याच ओढत होती. बाहेरून काही कळायचं नाही. घरात कुणाला बोलायचं नाही, अशी ताकीद होती.

"एका डोळ्याचा पंच कोण ठेवून घेईल? आणि दुसरा ठेवला असता तर पुन्हा डोकी फुटली असती, पूर्वी फुटायची तशी. दोन्ही गावं ऐकायची ती यांचंच."

"मग जो बॉल दिसायचा नाही त्याचं काय करायचे?"

"पाहुण्यांना द्यायचे. म्हणायचे, आपली माणसं घरी येऊन भांडतील. भांडू देत, पण घरी येतील."

बसमध्ये नुसती धुमसत होते. म्हणजे न्याय वगैरे काही नव्हतंच! त्यांना दिसलं नाही, एवढंच. इतकी वर्षं मी रुसून बसले ती कशावर? निदान मला तरी सांगायचं. मला एकटीला. मी कुणाला सांगितलं असतं?

सगळ्यांना सांगितलं असतं.

१ फेब्रुवारी

ठरलं. भाषणात डोळ्याचं सगळं सांगणार. आत्याला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "सांग बाई. बॉल तुझाच होता." कागद लिहून तयार आहे. किस्सा हवाय ना, घ्या म्हणावं!

३ फेब्रुवारी

सामना झाला. ठरलेल्या पंचांची गाडी वाटेत बंद पडली. चिटणीसांनी मलाच त्या लोखंडी खुर्चीवर चढवलं — "पंचांची नात आहे, दोन्ही गावं ऐकतील." नको नको म्हणत होते. कोण ऐकतंय!

शेवटच्या पॉइंटपर्यंत बरोबरी. लेकीनं स्मॅश मारला. बॉल मागच्या रेघेपाशी पडला, धूळ उडाली, ऊन थेट तोंडावर. मला दिसलं नाही. खरंच नाही दिसलं. आमची पोरं नाचायला लागली होती, पलीकडची रेघेकडे बोटं दाखवत पुढे सरकत होती, आणि मग सगळे एकदम थांबून माझ्याकडे बघायला लागले. माझा हात पाहुण्यांच्या बाजूला गेला.

कुणी वाद घातला नाही. भाषणाला उभी राहिले आणि दोन वाक्यं बोलून खाली बसले. कागद पर्समध्येच आहे.

४ फेब्रुवारी

लेक कालपासून अबोला धरून होती. आत्ता दारात येऊन म्हणाली, "आई, बॉल आत होता."

म्हटलं, "मला दिसला नाही गं."

"मग त्यांना कशाला दिलास?"

रविवारी हिला आत्याकडे घेऊन जाते.