आई, येताना एवढं सांभाळ

दियानी, शुक्रवार

माझ्या आईला, न्यावीराला,

पत्र घाईत लिहितेय, पण घाबरू नकोस. आम्ही सगळे बरे आहोत. बाळही बरं आहे, दूध जरा कमी पितं एवढंच.

येणार असशील तर न्येरीहून सकाळचीच बस धर. मोम्बासाला फेरीबोटीत गर्दी असते, गाठोडं कुणाच्या हाती देऊ नकोस. किनाऱ्यावरची पोरं मागे लागतील. जावई इथल्याच हॉटेलात आचारी आहे म्हणावं, लगेच पांगतील. केळी झाकून आण, माकडं हातातून ओढून नेतात. आणि ओहोटीला समुद्र लांब गेला म्हणून आपल्या डोंगरातल्या माणसांसारखी आत चालत जाऊ नकोस गं. पाणी मागून भरतं.

बाबांचा गुडघा कसा आहे? चहाची खुडणी संपली का? लग्नाला आली नाहीस, ते मी मनात धरलेलं नाही.

पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव, ही रीत आपल्याकडे तशी इथेही. पण बाळाचा ताप उतरेना, तेव्हा सासूबाईंनीच तिला मांडीवर घेतलं आणि मला म्हणाल्या, "माझं नाव राहू दे. तुझ्या आईचं ठेव. आपलंच नाव तापानं फणफणतंय म्हटल्यावर कुठली बाई रुसून घरी बसेल?"

ताप अजून उतरलेला नाही, आई. न्यावीरा रडतेय. तिथल्या न्यावीराला घेऊन ये.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी वांगेची