कच्चा लिंबू

रविवार, मुलुंड. संध्याकाळचे साडेसात.

आत्ताच सगळे गेले. नीलेश चहा न पिता गेला.

आमच्या राक्षस-जादूच्या, कागद-फाशांच्या खेळात प्रत्येकाचं एक पात्र असतं, गोष्ट मी चालवते. राक्षसांचे फासेही मीच टाकते, पुठ्ठ्याच्या आडोशाने. माझ्या ऑफिसातली सायली आज पहिल्यांदा खेळायला आली. नियमाप्रमाणे तिच्या चेटकिणीला चारच पॉइंटांचा जीव. पहिल्याच मारामारीत एका उंदराने तिला संपवलं. तिने दोन पानं भरून चेटकिणीचं बालपण लिहून आणलं होतं, ते वाचायचंच राहिलं.

"नव्या माणसाला थोडे जास्त पॉइंट दिले तर काय जातं?" ती म्हणाली.

नीलेश हसला. "तू काय कच्चा लिंबू आहेस, आउटच करायचं नाही? माझा योद्धाही चारवरच सुरू झाला. तीन वर्षं जगलाय, स्वतःच्या जिवावर."

बरोबरच होतं त्याचं. दुबळं सुरू करावं, हे मीच त्याला शिकवलं. मग ते हसणं मला इतकं का झोंबलं?

मी म्हटलं, "कच्चा लिंबू तूच रे. तू मरायला टेकलास की मी पुठ्ठ्यामागून आकडा खोटा सांगायचे."

"किती वेळा?"

"मोजलं नाही."

योद्ध्याचा कागद तो टेबलावरच ठेवून गेलाय. पॉइंट खोडून खोडून तिथे भोक पडलंय.

खरं तर एकदाच सांगितला होता आकडा खोटा. पहिल्या दिवशी. त्याच्यासमोरही उंदीरच होता.

नीलेशला दारापर्यंत सोडायला गेले, तेव्हाही हे सांगितलं नाही.