रविवारच्या डावांची वही

बाबा,

तुमची बुद्धिबळाची वही अखेर मला वाचता आली. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, आणि इतकी वर्षं ती इथे जर्मनीत, एश्बॉर्नला माझ्या कपाटात स्वेटरांखाली पडून होती. 'खेळ्या लिहायला शीक, लिहिल्याशिवाय कुठे चुकलो ते कळत नाही,' असं तुम्ही कितीदा बजावलंत, पण मी आपला ढिम्म. शेवटी शिकवलं ते तुमच्या नातीने. दहा वर्षांची आहे, इथल्या फेराइनमध्ये, म्हणजे क्लबात, खेळते आणि तिथे प्रत्येक खेळी लिहावीच लागते. आधी मोहऱ्याचं अक्षर, मग उभ्या रांगेचं अक्षर, मग आडव्या ओळीचा आकडा. एवढंच. एवढ्याशासाठी मी जन्मभर अडून बसलो होतो.

तिला देवनागरी येत नाही. म्हणून मी 'घो' म्हणजे घोडा, 'उं' म्हणजे उंट असं वाचून दाखवतो आणि ती मोहरे हलवते. सगळे आपले फोनवरचे रविवारचे डाव. सुरुवातीला मी दहा मिनिटांत हरायचो. 'लक्ष नाही तुझं,' म्हणून तुम्ही फोन आईकडे द्यायचात. ते मला फार लागायचं. मग एका रविवारी मी तुमची खेळी लॅपटॉपवरच्या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅममध्ये टाकली आणि त्याने सुचवलेलं उत्तर तुम्हाला सांगितलं. तुम्ही ती खेळी पटावर मांडून पाहिलीत. मग म्हणालात, 'वा रे पठ्ठ्या!' बाबा, असं तुम्ही मला आधी कधीच म्हणाला नव्हतात. त्यानंतर मला थांबता आलं नाही. आई सांगायची, आठवडाभर पट मांडून बसतात, आपण कुठे चुकलो ते शोधतात. दवाखान्यातसुद्धा तुम्ही वही मागून घेतलीत. आणि इकडे मी दोन सेकंदांत मिळालेलं उत्तर मुद्दाम पाच मिनिटं थांबून सांगतोय, विचार करतोय असं वाटावं म्हणून.

माझ्या खेळ्यांपुढे तुम्ही उद्गारचिन्हं केली आहेत. मला वाटायचं, तुम्हाला संशय आला असावा. नातीने सांगितलं, उद्गारचिन्ह म्हणजे उत्तम खेळी. पानामागून पान तेच. तिने डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं. 'पापा, दास वार्स्ट डू?' हे तू खेळलास? मी हो म्हणालो.

तेव्हापासून तिच्या डोक्यात बसलंय, की तिच्याशी मी मुद्दाम हरतो. काल मी जीव तोडून खेळलो आणि तिने मला सरळसरळ मात दिली. ती खेळी तिने लिहिलीच नाही. असं जिंकणं मला नको, असं जर्मनमध्ये म्हणाली, मोहरे डब्यात भरले आणि खोलीत निघून गेली. डोळे भरले होते तिचे. मी दार वाजवलं. म्हटलं, 'अगं, खरंच जिंकलीस तू.' आतून आवाज आला, 'लूग निश्त!' खोटं बोलू नकोस.

हे पत्र पोचायचं नाही, म्हणून तुम्हाला सगळं लिहून टाकता आलं. तिच्या दारापर्यंत मात्र आज तीनदा जाऊन परत आलोय.