न्हाणीमागचा वाफा

कळंब, १२ जून १९५८
शाळा सुरू. सातवीला अपूर्णांक. निम्मी पोरं सुट्टीत सगळं विसरून आलीत.
घरी आल्यावर आईनं शांतपणे सांगितलं, यंदा घटाच्या नऊही माळा घरच्या फुलांच्या झाल्या तर बरं, नाहीतर दसऱ्यानंतर ती तुळजापूरला धाकट्याकडं राहायला जाणार. माझी बदली होऊन इथं आलो त्याला वर्ष झालं. देवपूजेला रोज शेजाऱ्यांकडून फुलं मागावी लागतात, ते तिला डाचतं. भांडण नाही, रुसवा नाही. म्हणूनच भीती वाटली.
मला ती इथं हवी आहे. तोंडावर म्हणवत नाही, इथं लिहितो.

१५ जून, रवि.
वाफा करायचं ठरलं. अट एकच: रोज पाणी घालणं माझ्याच्यानं होणार नाही. सौ. म्हणाली, आडाचं पाणी मी शेंदते, तुम्ही नुसते बेत शेंदता. एक घागर मिळणार नाही.
मग तोड काढली. न्हाणीचं पाणी वायाच जातं. मागं चर खणला, उतार दिला, पाणी थेट वाफ्यात. आंघोळी काही चुकत नाहीत, म्हणजे पाणीही चुकणार नाही. एकदा लावायचं आणि विसरायचं. कंबर गेली. सौ. हसतेय.

२२ जून
झेंडू आणि तेरडा टाकला. बी शाळेतल्या, बेंबळी गावच्या मास्तरांकडून. आईला सांगितलं नाही. गुडघ्यांमुळं ती मागं येत नाही, दिसतंही कमी. एकदम भरली परडीच पुढं ठेवायची.

२० जुलै
वाफा झकास. मी काहीही करत नाही, हे विशेष.
देवघराच्या खिडकीखाली, भिंत आणि कुंपण यांच्यामधे रान माजलंय. तिकडं कुणी जातच नाही. सौ. म्हणते, विंचूकाटा होईल, काढा. पुढच्या रविवारी.

२७ जुलै
पुढच्या रविवारी.

७ सप्टेंबर
झेंडू फुलला! परडी भरून आईपुढं ठेवली. हरखली. कुठली रे म्हणाली. मी ऐटीत सगळं सांगितलं, चर, उतार, न्हाणी. तिनं परडी हळूच बाजूला सारली.
"आरं, अंगाचा मळ धुतलेलं पाणी त्ये. त्याच्यावरचं फूल देवीला कसं वाहू, बाबा?"
पुजाऱ्याच्या घरात जन्मलो. लहानपणी सोवळ्याला हात लावला म्हणून मार खाल्लाय. आणि चर खणताना एवढं डोक्यात येऊ नये! फुलं सौ.नं शेजारणींत वाटली. त्या वाफ्याची तारीफ करून गेल्या. जेवण गेलं नाही.

२८ सप्टें.
आईनं पेटी भरून दोरीनं बांधली. आत्ताच कशाला, म्हटलं. ऐन वेळी धांदल नको, म्हणाली. शेवटी शेजारच्याच फुलांच्या माळा होणार. वर्गात उगाच एकावर ओरडलो.

५ ऑक्टोबर
घट आठ दिवसांवर. सौ.नं हातात विळाच दिला, म्हणून खिडकीखालचं रान काढायला गेलो. आई आतून म्हणाली, जपून, निर्माल्य टाकते मी तिथं, पाय पडू देऊ नको.
गवत बाजूला केलं आणि थांबलो. आत कमरेएवढा झेंडू. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, फुलं आणि कळ्या. गेल्या दसऱ्याच्या माळा तिनं इथंच टाकल्या होत्या. कुणी पेरलं नाही, कुणी पाणी घातलं नाही. सगळं पावसावर. माझ्या आळसाचे उपकार, नाहीतर जुलैतच उपटून टाकलं असतं.
एक फूल गजातून आत दिलं. डोळ्यांपाशी धरून पाहत राहिली.
"देवीनंच पेरलं म्हणायचं."
आणि लगेच देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. मी विळा घेऊन तसाच उभा. डोळे भरून आले, गवताची धूळ असेल असं सौ.ला सांगितलं.

१३ ऑक्टो.
घट बसले. पहिली माळ घरची. आईनं स्वतः ओवली, सुईत दोरा मी घालून दिला.

२६ ऑक्टो.
नऊही माळा झाल्या. दसरा झाला. जाण्याचं आई बोलत नाही, मी विचारत नाही. सकाळी सौ.नं विचारलंच. आई बघू म्हणाली.
पेटी बांधलेली तशीच कोपऱ्यात. संध्याकाळी शाळेच्या वह्या ठेवायला गेलो तर पेटीवर जुना पेपर अंथरलेला आणि त्यावर झेंडूची फुलं वाळत घातलेली, बियाला.
किती दिवस लागतील वाळायला, विचारलं.
"लई दिस लागतात," आई म्हणाली. "हलवू नको."