झांजिबारच्या मुलीचा गार्डियन

१ सप्टेंबर १८८८, शनिवार. ठाणे.
आजपासून मी गार्डियन. माझा लहानपणचा दोस्त लिनो झांजिबारला जकातीत कारकून आहे. बायको वारली, म्हणून दहा वर्षांच्या लुर्दसला इथल्या सिस्टर लोकांच्या बोर्डिंगात ठेवून तो आज आगबोटीनं परत गेला. परमुलखातून आलेल्या मुलीला गावात एक गार्डियन लागतो, असा बोर्डिंगचा नियम. दर रविवारी चार वाजता भेटायचं, सुटीत घरी आणायचं. काल लिनोनं कचेरीत येऊन माझे दोन्ही हात धरले. सगळ्या ठाण्यात त्याला मीच दिसलो, यात नवल नाही. पोरीला अजून पाहिलेलं नाही. बोर्डिंग तळ्यापलीकडे, पायी पाव तास. एकही रविवार चुकवणार नाही.

२ सप्टेंबर, रविवार.
नवे बूट चावले. बायकोला, जॉर्जिनाला, पाठवलं. सोबत माझी चिठ्ठी: शिस्त, स्वच्छता आणि व्याकरण. जॉर्जिना दोन तासांनी परत आली. एक चिठ्ठी द्यायला दोन तास कसे लागतात, ते तिलाच ठाऊक.

९ सप्टेंबर, रविवार.
पोरीशी काय बोलायचं याचे मुद्दे काढले. अकरा निघाले. तोवर पाच वाजले आणि जॉर्जिना जाऊनसुद्धा आली. तिचं सोपं आहे. तिला नुसतं जाऊन बसायचं असतं.

१६ सप्टेंबर, रविवार.
आभाळ भरून आलेलं. पाऊस पडला नाही, पण पडला असता तर? बोर्डिंगच्या मुलींची रविवारची मिस्सा आतल्या चॅपलातच होते, नाहीतर पोरीला सकाळी चर्चमध्येच गाठलं असतं. जॉर्जिना छत्री घेऊन गेली.

२० सप्टेंबर, गुरुवार.
बोर्डिंगचं पत्र. लुर्दस जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. नाताळपर्यंत असंच चाललं तर जानेवारीच्या आगबोटीनं परत पाठवणार. तिकडे लिनो दिवसभर जकातीत, पोरीकडे बघायला कुणी नाही. काळजी वाटली. खरंच वाटली, दोनच भाकऱ्या खाल्ल्या. रविवारी जातीनं जाऊन तिला समजावणार. भाषण लिहायला घेतलं.

२३ सप्टेंबर, रविवार.
भाषण अर्धंच झालं. लहान मुलीला अर्धवट उपदेश करणं बरं नव्हे. जॉर्जिना तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी फडक्यात बांधून निघाली. मी म्हटलं, पोरीला धीर हवाय, चटणी नकोय. तिनं फडक्याची गाठ आवळली आणि गेली.

१४ ऑक्टोबर, रविवार.
जॉर्जिना सांगते, पोर आता जेवते, हसते. आई पानाशी बसल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही म्हणे. म्हणून जॉर्जिना सिस्टरना विचारून गुरुवारचीसुद्धा जाऊन बसते. एकूण माझ्या पहिल्या चिठ्ठीचा परिणाम दिसायला सहा आठवडे लागले.

४ नोव्हेंबर, रविवार.
आज गेलो नाही, कारण लिनोला पत्र लिहीत होतो. ‘तुझ्या मुलीच्या जेवणाचं मी मार्गी लावलं आहे, निश्चिंत राहा.’ शेवटी जॉर्जिनाचाही उल्लेख करणार होतो, पण कागद संपला.

२२ डिसेंबर, शनिवार.
बोर्डिंगचा रिपोर्ट आला. मुलगी सुधारली, राहू शकते. मला भरून आलं. उद्या तिला नाताळासाठी घरी आणायचं. कारभार रीतसर हवा, म्हणून मी एकटा जाणार. जॉर्जिना म्हणाली, मी येते की. नको म्हटलं.

२३ डिसेंबर, रविवार. संध्याकाळ.
गेलो. दारावरच्या सिस्टरला सांगितलं, मी गार्डियन. तिनं रजिस्टर उघडून माझ्यापुढे फिरवलं. गार्डियनच्या रकान्यात माझ्या नावावर तांबड्या शाईची रेघ, वर जॉर्जिनाचं नाव. तारीख ऑक्टोबरची. मग सिस्टरनं लुर्दसला बोलावून विचारलं, या गृहस्थांना ओळखतेस का? पोरीनं मला नीट निरखून पाहिलं आणि मान हलवली. नाही.

घरी येऊन जॉर्जिनाला घेऊन पुन्हा गेलो. पोर धावत येऊन तिच्या कमरेला बिलगली. मला फार वाईट वाटलं. कुणावर रागवावं म्हटलं, तर तसं कुणी सापडेना. मी ट्रंक उचलली आणि दोघींच्या मागून चालू लागलो.

तळ्याच्या काठानं येताना पोरीनं हळूच विचारलं, मागून येतात ते कोण? जॉर्जिना म्हणाली, “भिऊ नको गो, आपल्या घरातलेच ते. मला झाली सवय, तुला पन होईल.”