जुबलची गाठ

टॅलो लँडिंग, आर्कान्सा
गुरुवार, ६ ऑगस्ट २०१५

प्रिय लुएला,

तुझी प्रकृती बरी असेल आणि गुडघे तुझं ऐकत असतील, अशी आशा करते. माझे केव्हाच ऐकेनासे झालेत. बासष्ट वर्षांनी पत्र लिहायचं आणि सुरुवात गुडघ्यांपासून करायची, म्हणजे व्हर्ना काही सुधारली नाही, असं म्हणशील. म्हण. कुठूनतरी सुरुवात करायलाच हवी होती.

पत्ता तुझ्या नातीनं, मॅरिबेलनं दिला. मंगळवारी ती ‘मिस हॉर्न यांचं घर’ बघायला आली होती. म्हणजे आमचंच घर. मिस हॉर्न पुढच्या खोलीत दोन उन्हाळे भाड्यानं राहिल्या, तिथं बसून त्यांनी कादंबरी लिहिली, आणि आता पाटीवर त्यांचं नाव आहे. माझ्या आईनं त्याच घरात चाळीस वर्षं चूल सांभाळली, तिची पाटी कुठे नाही. मी लोकांना खोल्या दाखवते. शाळांच्या बसगाड्या येतात, कारण नववीला पुस्तक नेमलेलं असतं. मुलं विचारतात, “आजी, पुस्तकातली रूथी म्हणजे तुम्हीच ना?” मी हो म्हणते आणि फोटोला उभी राहते.

पुस्तकात काय आहे ते तुला सांगायला नको. जुबल नावाडी, म्हणजे तुझे बाबा, दारूच्या नशेत तराफा नीट बांधत नाही, तराफा वाहून जातो आणि रूथीची सात वर्षांची बहीण बुडते. एवढंसं ते, पण साठ वर्षांत कुठल्या कुठे पोचलंय. इथं कुणी काम ढिलं केलं की त्याला ‘जुबलची गाठ’ म्हणतात. टीव्हीवर पुढारी एकमेकांना म्हणतात. परवा नळ दुरुस्त करायला आलेला माणूस मोरीखालून ओरडला, “मिस व्हर्ना, कुणी केलंय हे? साफ जुबलची गाठ!” त्यानं जन्मात ते पुस्तक उघडलेलं नाही. मी त्याला कॉफी दिली.

शनिवारी नदीदिवस आहे. न्हाव्याचा थोरला मुलगा यंदा जुबल होणार. बाटली हातात घेऊन झोकांड्या खात धक्क्यावर यायचं आणि लोकांनी त्याच्यावर उकडलेल्या शेंगांची टरफलं फेकायची. हा मान आहे बरं इथं, त्यासाठी नंबर लावतात. पुस्तकाला साठ वर्षं झाली म्हणून यंदा बुडण्याचं पान मी वाचायचं आहे.

हां, मॅरिबेलचं सांगत होते. काचेच्या कपाटात आम्ही एक दोर ठेवलाय, त्याला ढिली गाठ मारलेली. दोर खरा नाही, दुकानातून आणलेला. ती त्याच्यापुढे बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, “माझे पणजोबा चहापेक्षा कडक काही प्यायले नाहीत हो कधी.” मी म्हटलं, “ठाऊक आहे गं बाळ.” खोकल्याच्या औषधात स्पिरिट असतं म्हणून तुझे बाबा रात्रभर खोकत बसायचे, ते माझ्यासमोरचंच आहे की. मग ती हसली. “ते आजीला मात्र कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा बांधू द्यायचे नाहीत. मरेपर्यंत. आजी अजून विचारते, मी असं काय केलं होतं?”

मी बाकीच्या लोकांना घेऊन पुढच्या खोलीत गेले.

हात दुखायला लागला. उरलेलं नंतर.

रविवार, ९ ऑगस्ट

लुएला, तीन दिवस पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवलं होतं. हात दुखत नव्हता.

तुझ्या बाबांची गाठ आठवते? खांबाला दुहेरी वेढा, एक गाठ, आणि तिच्या पोटातून उलटी घेतलेली दुसरी. आपल्या दोघींनाच शिकवली होती त्यांनी. “ही नदीच्या बापाला सुटायची नाही पोरींनो, शिकलेल्या हातालाच सुटेल,” म्हणायचे.

ती मी सोडली.

चर्चमधून येऊन तुम्ही सगळे जेवायला बसला होता. पलीकडच्या काठावर जत्रा होती आणि मला थांबवत नव्हतं. माझी धाकटी बहीण इडा मे मागे राहीना, म्हणून तिला तराफ्यावर बसवलं. गाठ सोडली आणि बांबू आणायला चार पावलं मागे वळले. फक्त चार. नदीला तेवढी पुरली.

आठवडाभर मी तोंड उघडलं नाही. मग एका दुपारी मिस हॉर्ननी मला त्यांच्या खोलीत बोलावलं, पावाला लोणी लावून दिलं आणि हळूच विचारलं, “नावाडी प्यायला होता का गं?” मी ‘हो’ म्हणून मान हलवली. बाईंनी पदरचं काही लिहिलं नाही, लुएला. अख्खं पुस्तक माझ्या त्या मान हलवण्यावर उभं आहे.

आणि त्याची शिक्षा मला अशी मिळाली. पुस्तकात ती मुलगी “रूथी, रूथी” अशी हाक मारत वाहून जाते. ते पान मी इतक्यांदा ऐकलंय की आता स्वप्नातही इडा मे मला रूथीच म्हणते. खरं तर तिनं माझ्या नावानं हाक मारली असणार. ती मला ऐकू येत नाही. बहिणीचा शेवटचा आवाजसुद्धा त्या पुस्तकानं नेला आणि तो मीच देऊन टाकला होता.

तुझे बाबा एका शब्दानं भांडले नाहीत, गाव सोडून गेले. मी म्हणायचे, गरीब स्वभाव. मंगळवारी त्या कपडे वाळवायच्या दोरीचं ऐकलं आणि सगळं उलगडलं. गाठ आपोआप सुटत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? सोडता येणाऱ्या मुली दोनच, आणि त्यातली एक त्यांची स्वतःची. त्यांना वाटलं, तू. तुझ्याकडून ‘हो’ ऐकायला लागेल या भीतीनं त्यांनी तुला कधी विचारलं नाही, आणि तुला झाकायला दारुडा म्हणवून घेतलं. तू काहीही केलं नव्हतंस, लुएला. काहीही नाही.

काल मी ते पान वाचलं नाही. घडी घालून खिशात ठेवलं आणि आत्ता तुला लिहिलं तेच माईकवर सांगितलं, तुझ्या बाबांचं नाव घेऊन. ॲम्ब्रोज प्युइट. लोक उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. नगराध्यक्ष डोळे पुसत आले. “मिस व्हर्ना, अंगावर काटा आला. पुढच्या वर्षीही हेच ठेवू.”

“अरे, हे खरं आहे,” मी म्हटलं.

“तेच म्हणतोय मी. अगदी खरं वाटलं.”

न्हाव्याच्या पोराच्या केसांत टरफलं अडकली होती, ती त्याची आई हसत हसत काढत होती. माझं कुणी खरं मानलं नाही. पुस्तकापुढे माझी काय पत्रास?

आज सकाळी कपाट उघडून तो दोर बाहेर काढला. दुहेरी वेढा, एक गाठ, तिच्या पोटातून दुसरी. बोटांना सगळं पाठ होतं. तशीच ती काचेमागे ठेवली आहे. ही गाठ सुटलीच कशी, असं कुठलं तरी मूल विचारीलच. ज्या दिवशी विचारील त्या दिवशी सांगेन, आणि त्या मुलाला टाळ्या वाजवू देणार नाही.

तू मला क्षमा कर असं लिहीत नाही. तेवढं तोंड मला उरलेलं नाही. एवढंच कर, आज अंगणात जा आणि कपड्यांची दोरी तुझ्या हातानं बांध. बाबांनी शिकवली तशी.

तुझ्यावरचा आळ परत मागणारी,
व्हर्ना